अतिवास्तववादी व्यक्तिचित्रे पाहताना आपण अस्वस्थ का होतो?

अर्धछाया

मार्कीझ (उमराव घराण्यातील स्त्रीची पदवी) लुईझा काझाती यांचे मॅन रे या अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखे अशक्य दृश्य वास्तवात मांडू पाहणाऱ्या छायाचित्रकाराने १९२२ मध्ये काढलेले छायाचित्र गेला महिनाभर माझ्या मनातून जात नाही. कारण एकटीने शोधून पाहिले, नीट सापडले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. छायाचित्रात एक स्त्री थेट समोर पाहते आहे आणि तिच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या तीन जोड्या आहेत, एकीखाली दुसरी आणि दुसरीखाली तिसरी. बाकीच्या चेहऱ्याबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही.

यामागची हकिकत मॅन रे यांनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. काझाती यांच्या हॉटेलातील खोलीत त्यांनी आपले दिवे जोडले आणि फ्यूज उडाला. मग खोलीतल्या साध्या उजेडावर भागवायचे ठरले, म्हणजे एक्सपोजर लांबवणे, शटर जास्त वेळ उघडे ठेवणे आले, आणि काझाती काही तेवढा वेळ स्थिर बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. हललेल्या निगेटिव्ह पाहून मॅन रे यांनी त्या वाया गेल्या असे समजून बाजूला टाकल्या. काझाती यांनी मात्र त्या पाहण्याचा हट्ट धरला आणि यात आपला आत्मा उतरला आहे असे सांगून प्रती मागवल्या.

हे सहा डोळे कोणी नंतर चिकटवलेले नाहीत. त्या खोलीत चेहऱ्यावरून परतलेला उजेड जसा आला तसा नोंदला गेला. चित्रकाराने सहा डोळे रंगवले असते तर ते त्याच्या कल्पनेच्या खात्यावर जमा करून आपण मोकळे झालो असतो. कॅमेऱ्याने नोंदवलेले सहा डोळे कोणाच्या खात्यावर मांडायचे ते कळत नाही. छायाचित्राचे सार 'हे होऊन गेले आहे' या खात्रीत असते, असे फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांनी १९८० मध्ये मांडले होते. एरवी ही खात्री दिलासा देणारी असते, कारण जे माणूस आता समोर नाही ते कधीकाळी होते आणि असेच दिसत होते, एवढे तरी ती सांगते. येथे साक्षीदार विश्वासू आहे आणि साक्ष अशक्य आहे. दोन्ही एकदम मान्य करता येत नाहीत, आणि दोन्हींपैकी एक टाकूनही देता येत नाही.

याच्या शेजारी फिलिप हाल्समन यांचे १९४८ चे 'दाली अ‍ॅटोमिकस' ठेवून पाहा. चित्रकार साल्वादोर दाली हवेत उडी मारून आहेत, तीन मांजरे तरंगत आहेत, पाण्याचा फर्राटा चित्रभर पसरला आहे, खुर्ची आणि चित्रफलक अधांतरी आहेत. हे एक छायाचित्र साधेपर्यंत मांजरे आणि बादलीभर पाणी २८ वेळा फेकावे लागले असे सांगतात. विचित्रपणा तोलून पाहायचा ठरवला तर काझातींचे चित्र या पारड्यापुढे हलके ठरेल. तरीही हे पाहून मला हसू येते, आणि ते पाहून मी खुर्चीत सरसावून बसते. दालींच्या चेहऱ्यावर खेळाचा आनंद स्पष्ट आहे आणि तो मला सांगतो की हा खेळ आहे. काझातींचा चेहरा मला काहीच सांगत नाही. मी कसे पाहावे याची सूचनाच तेथे मिळत नाही.

तेव्हा माझे प्रमेय असे, की अस्वस्थता विचित्रपणाच्या प्रमाणात वाढत नाही. ती बहुधा उलटी चालते: बदल जितका लहान आणि छायाचित्राची ग्वाही जितकी पक्की, तितका पाहणारा अधिक अडकतो. आपला अनुभव काय आहे? आणि एखादे छायाचित्र या प्रमेयाला खोटे पाडत असेल तर ते अवश्य सांगावे.

रिळवाला

अर्धछाया, आपल्या मांडणीला डार्करूममधली एक पुस्ती जोडतो. त्या काळच्या छायाचित्रकारांनी वापरलेल्या क्लृप्त्यांपैकी ज्या सर्वांत जास्त अस्वस्थ करतात, त्यांत वस्तू नवी आणलेली नसते. प्रकाश, वेळ किंवा रसायन यांच्याच कामात कोठेतरी खोड काढलेली असते.

सोलरायझेशनचे उदाहरण घ्या. १९२९ च्या सुमारास मॅन रे आणि ली मिलर एकत्र काम करत होते. मिलर यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की अंधारात पायावरून काहीतरी पळाले आणि दचकून त्यांनी दिवा लावला, तेव्हा निगेटिव्ह डेव्हलपरमध्येच, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनातच होत्या. ही प्रक्रिया साबातिए परिणाम या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती, आणि रूढ नाव तसे चुकीचेच आहे, कारण खरे सोलरायझेशन अतिरिक्त एक्सपोजरने होते. परंतु अपघाताने जे घडले ते पुन्हा पुन्हा हवे तसे घडवून व्यक्तिचित्रणात वापरणे, हे या दोघांचे काम.

घडते असे: अर्धवट डेव्हलप झालेल्या निगेटिव्हवर क्षणभर पांढरा उजेड पडला की ज्या भागांत चांदी आधीच जमली आहे त्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण रिकामे भाग झपाट्याने काळवंडू लागतात. या दोन भागांच्या सीमेवर, डेव्हलप होताना सुटणारे ब्रोमाइड विकासाला अटकाव करते आणि एक बारीक रेषा पारदर्शक राहते. प्रिंटवर तीच काळी उमटते. तिला मॅकी रेषा म्हणतात. चेहऱ्याच्या कडेने पेन्सिलीने ओढावी तशी ती दिसते, पण कोणीही ओढलेली नसते. आतली त्वचा राखाडी, धातूसारखी होते. माणूस पुतळ्याच्या जवळ सरकतो, आणि पापण्या मात्र माणसाच्याच राहतात.

मी स्वतः एका जवळच्या मित्राचे असे छायाचित्र केले होते. दिव्याचा वेळ मोजण्यात दीड सेकंदाची चूक झाली म्हणून ते हवे त्यापेक्षा जास्त उतरले. त्याने ते हातात घेतले, बराच वेळ पाहिले, टेबलावर पालथे घातले आणि दुसऱ्याच विषयावर बोलू लागला. त्या दिवसापर्यंत सोलरायझेशन म्हणजे कडेच्या रेषेचे सौंदर्य, अशी माझी समजूत होती.

दुर्मुख

क्षमस्व, पण मला या सगळ्यात थोडी अतिशयोक्ती वाटते. शंभर वर्षांपूर्वी धक्का देणाऱ्या या युक्त्या आज जाहिरातींच्या फलकांवर दिसतात. मॅन रे यांचे काचेच्या अश्रूंचे प्रसिद्ध छायाचित्र तर त्याच काळात मस्काराच्या जाहिरातीत वापरले गेले होते. ज्याला विकण्यासाठी वापरता येते ते कितपत अस्वस्थ करणारे असेल?

सुझन सॉन्टॅग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात घेतलेली भूमिका मला अधिक पटते. त्यांच्या मते छायाचित्रणच मुळात अतिवास्तववादी आहे, कारण ते जगाची दुसरी प्रत तयार करते. त्यावर वेगळे नाट्य चढवण्याची आवश्यकता नसते. अतिवास्तववादी मंडळींनाही हे कोठेतरी ठाऊक असावे. १९२६ मध्ये त्यांनी आपल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर युजेन आत्जे यांचे १९१२ चे एक छायाचित्र छापले. त्यात पॅरिसच्या रस्त्यावर जमलेला घोळका हातातल्या काळ्या काचांतून सूर्यग्रहण पाहतो आहे. काहीही बदललेले नाही. फक्त ग्रहण चौकटीबाहेर आहे आणि छायाचित्राला 'शेवटची धर्मांतरे' असे नाव दिले आहे. आत्जे यांनी मात्र आपले नाव छापू नका, ही केवळ दस्तऐवजे आहेत, असे सांगितले होते. या धाग्यावर कोणाला गुरू करायचे असेल तर मी आत्जे यांना करीन.

अर्धछाया

दुर्मुख, आपण माझ्या विरोधात बोलत आहात असे आपल्याला वाटते, पण आपले उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. त्या घोळक्यातले चेहरे एकाच दिशेला वर वळलेले आहेत आणि ते काय पाहत आहेत हे आपल्याला दिसत नाही. बदल शून्य, ग्वाही पूर्ण. जाहिरातीबद्दल मात्र आपले म्हणणे मान्य. काचेचे अश्रू मला सुंदर वाटतात, अस्वस्थ करत नाहीत; ते मणी आहेत हे पहिल्याच नजरेत कळते आणि तेथे कोडे संपते.

नावाचा मुद्दा आपण काढलात म्हणून दोरा मार यांचे १९३६ चे 'उबूचे व्यक्तिचित्र' आठवले. त्या वर्षी लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनात ते होते. चित्रात खवल्यांचा, लोंबत्या कानांसारख्या पाळ्यांचा, नखे असलेला एक ओलसर जीव आहे. तो आर्माडिलोचा गर्भ असावा असे बहुतेक जाणकार मानतात, पण मार यांनी हयातभर ते सांगितले नाही. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हेच छायाचित्र आपण शांतपणे पाहिले असते. 'व्यक्तिचित्र' हा एक शब्द जोडताच आपण त्यात स्वभाव शोधू लागतो, वय शोधू लागतो, थोडी कीवसुद्धा येते. उबू हे आल्फ्रेद जारी यांच्या नाटकातले क्रूर, ढेरपोट्या राजाचे नाव. ते ठाऊक असूनही मला तो जीव बिचारा वाटतो, आणि आपण कशाची कीव करत आहोत हेच कळत नाही म्हणून मी अधिक बेचैन होते.

काचबिंदू

माझा व्यवसाय चष्म्यांचा आहे, मेंदूचा नाही. तरीही दिवसभर माणसांच्या डोळ्यांत पाहण्याचे काम असल्याने या विषयावरचे थोडे वाचन झाले आहे.

आपण चेहरा अवयवांची बेरीज करून ओळखत नाही. तो एकसंध वाचला जातो, आणि तोही सरळ असेल तरच. उलटे धरलेले चेहरे ओळखणे इतर उलट्या वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त अवघड जाते, हे रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवले. १९८० मध्ये पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले डोळे आणि तोंड कापून उलटे बसवले. ते छायाचित्र डोके खाली करून पाहिले तर ठीकठाक, हसतमुख वाटते. सरळ करताच ते भेसूर होते. माहिती तीच आहे, फिरली फक्त चौकट. म्हणजे भेसूरपणा केवळ चित्रात नसतो; चेहरा वाचण्याची आपली यंत्रणा पूर्ण वेगाने सुरू होते आणि तिला नेहमीचा चेहरा मिळत नाही, तेव्हा तो तयार होतो.

दुसरा प्रयोग जोव्हानी कापुतो यांचा, २०१० चा. मंद उजेडात माणसाला आरशासमोर बसवून दहा मिनिटे स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहायला सांगायचे. ५० जणांपैकी ६६ टक्क्यांनी आपला चेहरा भयंकर बदलल्याचे लिहिले. काहींना अनोळखी माणसे दिसली, काहींना राक्षसी आकृती. तेथे फोटोग्राफर नव्हता, रसायन नव्हते, फक्त आरसा आणि थोडा कमी प्रकाश होता. अर्धछाया, आपल्या 'बदल जितका लहान' या प्रमेयाची ही टोकाची बाजू म्हणता येईल.

मात्र एक सावधगिरी. प्रयोगशाळेतून 'काय होते' हे कळते, 'ते का जाणवत राहते' हे कळत नाही. थॅचर यांचा भेसूर चेहरा पाहून मी दचकतो आणि विसरतो. काझातींचे छायाचित्र विसरत नाही. याचे उत्तर जुन्या निबंधांत थोडे सापडते. मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट येंच यांनी १९०६ मध्ये लिहिले होते की समोरची वस्तू सजीव आहे की निर्जीव, हा संशय मिटत नाही तेव्हा विशिष्ट प्रकारची बेचैनी येते. फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये त्यांना विरोध करत सांगितले की संशय हे मूळ नाही. जे फार पूर्वी आपल्या घरचे होते आणि आपण दडपले, ते परत येते म्हणून भीती वाटते. रिळवाला यांच्या मित्राने छायाचित्र पालथे घातले ते येंच यांच्या कारणाने की फ्रॉइड यांच्या, हे विचारायला आवडले असते.

मंजिष्ठा

धागा उत्तम चालला आहे, पण आतापर्यंत 'पाहणारा' म्हणजे कोण हे कोणी विचारलेले नाही. अस्वस्थ होणारा पाहणारा आणि ज्याच्या शरीरावर ही अस्वस्थता घडवली जाते ते माणूस, यांच्यात मोठा फरक आहे.

मॅन रे यांचे १९२६ चे 'काळी आणि पांढरी' घ्या. किकी या त्यांच्या मॉडेलचे डोके टेबलावर आडवे टेकलेले आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि तिने हाताने बाउले शैलीचा एक काळा आफ्रिकी मुखवटा उभा धरला आहे. दोन्ही चेहरे अंडाकृती, गुळगुळीत, भुवया कोरलेल्या. कोणता जिवंत, असा प्रश्न क्षणभर पडावा अशी रचना आहे, म्हणजे येंच यांचा संशय अगदी नेमका साधला आहे. परंतु ज्या समाजाने तो मुखवटा घडवला त्याच्यासाठी तो कशाचा होता, हा प्रश्न चित्रात शिल्लकच राहत नाही. हान्स बेलमर यांच्या १९३४ च्या बाहुलीच्या छायाचित्रांबद्दल तर मी थोडक्यात बोलेन: अवयव सुटे करून पुन्हा भलत्याच जागी जोडलेले ते मुलीचे शरीर पाहून मला येणारी किळस ही मला कलेची सखोलता वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

या दोघांच्या समोर मला क्लोद काआँ यांना उभे करायचे आहे. जन्म १८९४, फ्रान्समधील नाँत येथे, मूळ नाव ल्युसी श्वोब. मार्सेल मूर या सहचरीच्या साथीने काआँ यांनी वर्षानुवर्षे स्वतःचीच छायाचित्रे काढली: मुंडण केलेले डोके, रंगवलेले गाल, पहिलवानाचा पोशाख, बाहुलीचा पोशाख. त्यांतील १९२८ च्या सुमाराच्या एका छायाचित्राचे नाव आहे 'तुला माझ्याकडून काय हवे आहे?' दोन निगेटिव्ह एकावर एक छापून एकाच धडातून निघालेली दोन मुंडण केलेली डोकी त्यात दाखवली आहेत. एक डोके दुसऱ्याकडे तिरप्या, संशयी नजरेने पाहते. दुसरे नजर चुकवते. प्रथम वाटते की प्रश्न एका डोक्याने दुसऱ्याला विचारला आहे. जरा थांबले की कळते, तो मलाच विचारला आहे. मी या चेहऱ्यात स्त्री की पुरुष, जुळी भावंडे की वेड, हे शोधत असते तेव्हाच तो प्रश्न समोर येतो, आणि तो रास्त असतो.

काआँ यांनी १९३० च्या पुस्तकात म्हटले आहे की आपल्याला नेहमी मानवणारे लिंग एकच, ते म्हणजे नपुंसकलिंग. फ्रेंच भाषेत ते लिंगच नाही. मराठीत आहे, आणि आपण ते किती सहजपणे वापरतो पाहा: 'ते मूल', 'ते माणूस', 'ते डोके'. वरचा परिच्छेद लिहिताना मी काआँ यांच्यासाठी 'त्या' की 'ते' या प्रश्नावर दोनदा अडले आणि शेवटी क्रियापदेच चुकवत गेले. ते छायाचित्र माझ्या व्याकरणापर्यंत पोहोचले म्हणायचे.

याच व्यक्तीने पुढे जर्सी बेटावर नाझी अंमल असताना मूर यांच्याबरोबर 'अनामिक सैनिक' या सहीने पत्रके वाटली, जणू जर्मन सैन्यातलाच कोणी असंतुष्ट लिहितो आहे. दोघींना १९४४ मध्ये अटक झाली आणि मृत्युदंड सुनावला गेला. तो अमलात आला नाही. मुखवटा म्हणजे केवळ स्टुडिओतला खेळ, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही माहिती.

दुर्मुख

काआँ यांची छायाचित्रे आताच शोधून पाहिली. माझ्या पहिल्या प्रतिसादातला 'अतिशयोक्ती' हा शब्द मागे घेतो. आत्जे मागे घेत नाही.

उंबरठा

हे सगळे वाचताना मनात आले की आपल्या रसविचारात या अनुभवाला जागा कोठे आहे. भरताने आठ रस सांगितले. या छायाचित्रांत अद्भुताचा विस्मय आहे, भयानकाचे भय आहे, बेलमर यांच्या बाबतीत बीभत्साची जुगुप्साही आहे. पण कोणताच स्थायी भाव स्थिर होत नाही. विस्मय वाटू लागावा तोच भय डोकावते, भय धरावे तर हसू येते. रस म्हणजे आस्वाद. येथे घास तोंडातच फिरत राहतो, गिळलाही जात नाही आणि टाकलाही जात नाही.

याचे एक कारण मला साधारणीकरणात दिसते. भट्टनायकांनी मांडलेला विचार असा, की रंगमंचावरचा दुष्यंत हा कोणी विशिष्ट राजा राहत नाही. त्याचे व्यक्तित्व गळून पडते आणि त्याची भावना प्रेक्षकाला आपली म्हणून चाखता येते. छायाचित्र हे होऊ देत नाही. काझाती या काझातीच राहतात; ती एक ठरावीक बाई, एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक खोलीत. अर्धछाया ज्याला ग्वाही म्हणतात तीच साधारणीकरणाच्या आड येते. रंगवलेल्या किंवा लिहिलेल्या अद्भुतात प्रेक्षकाला सुरक्षित अंतर मिळते. या छायाचित्रांत ते अंतर शेवटपर्यंत मिळत नाही.

आपण अगदी सहज 'अस्वस्थ' म्हणतो तो शब्दही नेमका आहे. स्वस्थ म्हणजे जो स्वतःत स्थित आहे. काआँ यांच्या त्या दोन डोक्यांपैकी कोणते स्वस्थ म्हणायचे?

पाहुणा_नवा

मी या क्षेत्रातला नाही, म्हणून प्रश्न भाबडा असल्यास समजून घ्यावे. आता संगणक कोणताही चेहरा कसाही तयार करून देतो. सहा डोळे, दोन डोकी, काहीही. मग या छायाचित्रांचा परिणाम अजून का टिकून आहे? की तोही हळूहळू जाईल?

रिळवाला

प्रश्न भाबडा नाही. संगणकाने केलेला सहा डोळ्यांचा चेहरा पाहताना माझ्या मनात एवढेच येते की सूचना काय दिली असेल. तेथे कोणी बसलेले नव्हते. कॅमेऱ्यासमोर कोणी कंटाळून हलले नव्हते. मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांबद्दल लिहिले होते की माणसाशी साम्य वाढत जाते तशी आपुलकी वाढते, पण साम्य जवळजवळ पूर्ण होते तेथे ती एकदम दरीत कोसळते. संगणकाच्या चेहऱ्यांतले दात किंवा बोटे चुकली की येणारी शिसारी ही त्या दरीतली आहे: माणूस होऊ पाहणाऱ्या वस्तूची. सोलरायझेशनमध्ये प्रवास उलटा आहे, माणूस वस्तू होऊ लागतो. दोन्ही वाटा एकाच दरीत उतरत असतील, पण वरून पडणाऱ्याला आपण ओळखत असतो.

दुसऱ्या भागाचे उत्तर मला देता येत नाही. सवय झाल्यावर आपण जुन्या छायाचित्रांवरही अविश्वास दाखवू लागलो, तर अर्धछाया यांचा विश्वासू साक्षीदार उरणार नाही.

काचबिंदू

एका समव्यवसायी माणसाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. राल्फ यूजीन मीटयार्ड हे अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहरात चष्मे करून देत. १९५० मध्ये मुलगा झाला म्हणून त्याचे फोटो काढण्यासाठी त्यांनी कॅमेरा घेतला, आणि पुढे सुटीच्या दिवशी बायकोमुलांना पडक्या घरांत नेऊन, दुकानात मिळणारे स्वस्त रबरी मुखवटे घालायला लावून ते छायाचित्रे काढू लागले. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटच्या काळात केलेला 'ल्युसीबेल क्रेटरचा कौटुंबिक अल्बम' १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात ६४ छायाचित्रे आहेत. जवळजवळ प्रत्येकात त्यांची पत्नी मॅडलिन एका थेरडीचा मुखवटा घालून उभी आहे आणि शेजारी कोणीतरी आप्त किंवा मित्र, दुसरा, अर्धपारदर्शक मुखवटा घालून. मथळ्यांत सर्वांचे नाव एकच: ल्युसीबेल क्रेटर.

उंबरठा यांच्या मुद्द्याला हे छायाचित्रकार विलक्षण वळण देतात. चेहरे काढून घेतले, नावे एक केली, म्हणजे व्यक्तित्व गळाले आणि साधारणीकरण व्हायला हवे. होते उलटेच. मुखवटा स्थिर असल्यामुळे नजर खाली उतरते आणि हात, पोटाचा घेर, बुटांची झीज, दोन माणसांच्या मधले अंतर वाचू लागते. चेहऱ्यावाचून ही माणसे आधीपेक्षा जास्त विशिष्ट होतात. पाठीमागे अंगण आहे, कुंपण आहे, कोणाच्याही अल्बममध्ये असते तसे ऊन आहे. मला ही छायाचित्रे पाहताना भीती वाटत नाही. आपल्याच घरातला अल्बम उघडला आणि त्यातले सगळे आपल्याला ओळखतात, फक्त आपण कोणाला ओळखत नाही, असे काहीसे वाटते.

अर्धछाया

माझे प्रमेय आता जसेच्या तसे मांडता येणार नाही. मीटयार्ड यांच्या छायाचित्रांतला बदल लहान मुळीच नाही. अख्खा चेहरा झाकलेला आहे. लहान राहिले ते बाकीचे जग, आणि कदाचित मला तेच म्हणायचे होते. बेलमर यांच्याकडे सारेच मोडून जोडलेले असल्यामुळे तसे जग उरत नाही, म्हणून तेथे किळस येते आणि मीटयार्ड यांच्याकडे बेचैनी, असे मी तूर्त धरून चालते. मंजिष्ठा यांनी 'कोणाच्या शरीरावर' हा जो प्रश्न घातला त्याला मात्र माझ्या प्रमेयात जागाच नव्हती. काझाती यांनी स्वतः ते छायाचित्र निवडले, या गोष्टीचे वजन मी कमी धरले होते.

काल एक प्रयोग करून पाहिला. खिडकीच्या उजेडात कॅमेरा तिवईवर लावला, शटर तीस सेकंद उघडे ठेवले, आणि प्रत्येक दहा सेकंदांनी मान किंचित खाली घेतली. तेरा प्रयत्न झाले. बारांमध्ये नुसता धूसर डाग आला. तेराव्यात डोळ्यांच्या दोन जोड्या उमटल्या आहेत, तिसरी नाही. मला वाटले होते की आपलाच चेहरा असल्यामुळे काही वाटणार नाही, कारण युक्ती ठाऊक होती आणि सेकंद मीच मोजले होते. पण पाहताना लक्षात आले की वरच्या जोडीकडे पाहिले की खालची जोडी माझ्याकडे पाहते आणि खालच्या जोडीकडे नजर नेली की वरची. दोन्हींना एकदम पाहता येत नाही. मी त्या चेहऱ्याला जेवढे पाहते त्यापेक्षा तो मला नेहमी दोन डोळे जास्त पाहतो. बहिणीला दाखवले तर ती म्हणाली, "हलली आहेस," आणि निघून गेली.

रिळवाला, आपल्या मित्राने पालथे घातलेले ते छायाचित्र अजून आहे का?

रिळवाला

निगेटिव्ह आहे. प्रिंट नाही. दोन वर्षांनी त्याने स्वतःहून ते मागून नेले, आणखी एक प्रत मोठ्या आकारात करून देशील का असेही विचारले. करून दिली. कशासाठी हवी आहे ते मी विचारले नाही.